एकाच गंजात

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला नक्की पाहिले असेल. रश्मीच्या पाककृतींच्या इंटरनेटवरच्या पानावर अगदी वर एक फोटो आहे. बूड काळे, काठ एका जागी चेपलेला, शेजारी स्टीलची एक साधी वाटी. तो जुना, जर्मनचा गंज म्हणजे मी. आमच्या गोंदियाकडे पातेल्याला गंज म्हणतात आणि ॲल्युमिनियमला जर्मन. मला कोणी पातेले म्हटले, की दुसऱ्याच कोणाला हाक मारल्यासारखे वाटते.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. पत्र्याची गोल चकती, एक जड दाब, आणि मग मी पोकळ झालो एवढेच. पोकळ होण्यासाठीच आपला जन्म आहे, हे कळायला वेळ लागला. १९९९ साली दिवाळी होऊन धान निघाले होते. तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात गुलाबचंदांच्या दुकानात, माझ्यासारख्याच दहा-बारा गंजांच्या पोटात बसलेला होतो. मुर्रीच्या अंजनाबाई तिथे आल्या. त्यांनी एकेक गंज उचलला, बोटाच्या पेराने वाजवून पाहिला आणि खाली ठेवला.

गुलाबचंद कंटाळून म्हणाले, "बाई, बर्तन लेना है के तबला?"

"तबला एखाद्या दिवशी वाजते," अंजनाबाई म्हणाल्या. "याले रोज वाजायचं आहे."

आणि त्यांनी मला काखेत घेतले.

मुर्री म्हणजे गोंदियाला चिकटलेले गाव. पुढे घरे, मागे धानाच्या बांध्या, म्हणजे शेते. अंजनाबाईंच्या घरी तिघे जण होते. त्यांचे यजमान केवळराम गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कामाला होते. मुलगी रश्मी तेव्हा शाळेत होती आणि तिला वाचण्याचे फार वेड होते. अंजनाबाई मला चुलीवर चढवून तिला सांगायच्या, "कढ आला की झाकण सरकव." रश्मी हो म्हणायची आणि पुस्तकात डोके घालायची. मग मी उतू जायचो, चूल विझायची, आणि अंजनाबाई आतून ओरडायच्या, "पुस्तकात भात शिजून राहिला काय व?" माझ्या बुडावरचा सगळ्यात जुना काळा डाग त्या दिवसांतला आहे.

आमच्याकडे भात म्हणजेच जेवण. सकाळी भात, सांजेला भात. आणि तो पसवून करायचा. तांदूळ भरपूर पाण्यात शिजत आले, की अंजनाबाई दोन फडक्यांनी माझा काठ धरायच्या, झाकण जरा तिरपे लावायच्या आणि मला हळूच वाकवायच्या. भातातले पांढरे, दाट, गरम पाणी खाली निथळायचे. त्याला माड म्हणतात. त्यात मीठ घालून तो जेवणाआधी सगळे प्यायचे. मिलमधून थकून आलेले केवळराम तर भातापेक्षा माडाची वाट पाहायचे. माड फेकणे म्हणजे अन्नाला पाय लावणे, असेच त्या घरात मानत.

काठाला पोचा पडला तो त्यानंतर. शेजारच्या शामकलाबाईंच्या मुलीचे लग्न होते, म्हणून मला तिकडे नेले होते. परत येताना मी हातगाडीवरून दगडावर पडलो. शामकलाबाई ओशाळून म्हणाल्या, "बाप्पा, पोचा आला व अंजना. नवा घेऊन द्यावा लागते आता."

अंजनाबाईंनी त्याच सांजेला भात पसवला. पाहतात तर माड इकडेतिकडे न ओघळता चेपलेल्या जागेतून एका धारेत पडत होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "याले आता तोंड आलं."

वैशाखातल्या पौर्णिमेला माझ्यात खीर शिजायची आणि विहारात जायची. तिथे कोणीतरी म्हणायचेच, या गंजाची खीर बुडाला लागत नाही. खरे तर अंजनाबाई हात थांबवत नसत, म्हणून ती लागत नसे. पण कौतुक माझ्या वाट्याला यायचे आणि मी ते घ्यायचो.

मग २००७ साली अंजनाबाईंना सारखी तहान लागू लागली. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, चिखलात पायाला झालेली जखम भरेना. गोंदियाला जाऊन रक्त तपासले. त्या घरी आल्या आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"शुगर आहे म्हणते," त्या केवळरामांना म्हणाल्या. "डॉक्टरनं भात बंद सांगितला."

"मंग खायचं का?"

"ते नाही सांगितलं."

रश्मी तेव्हा नागपुरात वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करत होती. त्या शनिवारी ती गाडीने आली, ती पिशवी भरून. पिशवीत गव्हाचा दलिया होता, इंटरनेटवरून छापून आणलेले कागद होते आणि स्टीलची एक चकचकीत गंजी, म्हणजे छोटा गंज, होती.

"आई, ही तुझी," ती म्हणाली. "यात तुझं वेगळं शिजवायचं. आमच्यातलं चुकूनही घ्यायचं नाही."

अंजनाबाईंनी गंजी हातात घेतली, उलटी करून पाहिली, म्हणाल्या, "चांगली आहे." मग खालच्या फळीवर ठेवून दिली. कागदही त्यांनी वाचले. त्या सातवी शिकलेल्या होत्या आणि छापलेले काही हाती आले की वाचल्याशिवाय सोडत नसत.

"हे का आहे? ब्रोकोली?"

"हिरवी फुलकोबी समज."

"मंग फुलकोबीच काऊन नाही लिवलं?"

"ते मोठ्या शहरातल्या लोकांनी लिहिलं आहे, आई."

"त्यांच्याकडे फुलकोबी भेटत नसन," अंजनाबाई म्हणाल्या आणि कागद घडी करून ठेवून दिले.

त्या दिवसापासून ओट्यावर आम्ही दोघे झालो. माझ्यात केवळरामांचा भात, रश्मी आली की तिचाही; गंजीत अंजनाबाईंचा दलिया. आधी त्या माझ्यातला भात वाढायच्या, सगळे आवरायच्या आणि शेवटी गंजी घेऊन बाजूला बसायच्या. गंजी चमकत होती, मी काळा पडलो होतो, आणि तरी मला तिचा हेवा वाटला नाही. कारण ती रोज अर्धी भरलेलीच परत यायची.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी अंजनाबाईंनी शुगरची गोळी घेतली. ओट्यापाशी आल्या, गंजीवरचे झाकण काढले, पुन्हा लावले. केवळरामांचे ताट वाढण्यासाठी माझ्याकडे हात केला आणि त्यांचा हात थरथरू लागला. कपाळावर घाम आला. झाकण हातातून सुटून घरभर वाजत गेले आणि त्या माझ्या शेजारीच, ओट्याला टेकून खाली बसल्या. केवळरामांनी धावत येऊन डब्यातली साखर त्यांच्या तोंडात घातली. साखरेपायी भात सोडलेली बाई साखरेने सावध झाली. गोळी पोटात गेली होती, पण जेवण गेले नव्हते. गंजी शिगोशीग भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी रश्मी आली. ती रागावली नव्हती, घाबरली होती, पण बोलणे रागाचेच निघाले.

"गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, हे सांगितलं होतं ना? दलिया आवडत नाही तर तसं म्हणायचं."

"दलियाचं काही नाही."

"मग?"

अंजनाबाईंनी तांदळाचे सूप पुढ्यात ओढले. मग म्हणाल्या, "परवा शामकला आली. म्हणते, ही छोटी गंजी कोणाची व? मले सांगावं लागलं, माही."

"त्यात काय झालं?"

"माही माय नवेगाव बांध गावात दुसऱ्याच्या बांधीत रोवणीले जाये. दुपारी सगळ्यायले चहा भेटे. बाकीच्यायचे कप घरातून येत. मायचा कप बाहेर वळचणीले खोचून राहे. कान तुटलेला. तिनंच काढायचा, तिनंच धुवायचा, परत तिथंच खोचायचा. आमच्या घरानं छप्पनसाली दीक्षा घेतली तरी तो कप काही वर्सं तिथंच होता." त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "माय म्हणे, चहा त एकच आहे ना. मी तिच्यासंगं जावो, पण तो चहा मी कधी पेली नाही."

"आई, हे तसं नाही."

"तसं नाही, ते मले समजते, बेटा. हाताले समजत नाही. त्या गंजीकडे हातच जात नाही."

रश्मीने आईच्या पुढ्यातले सूप आपल्याकडे ओढले आणि तीही निवडू लागली.

त्यानंतर मुर्रीच्या विहारात शुगर तपासण्याचे शिबिर झाले. तिथे आहाराचा सल्ला द्यायला नीतू मॅडम आल्या होत्या. रश्मी आईला घेऊन गेली आणि बरोबर मला आणि घरातली जेवणाची वाटीही घेऊन गेली. रांगेतले लोक हसले. फाइल आणायची सोडून ही गंज घेऊन आली.

नीतू मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळ ओढले आणि आत डोकावून पाहिले. "इसमें सबका भात बनता है?"

"बनत होता," अंजनाबाई म्हणाल्या. "आता माहं वेगळं शिजते."

"कायको वेगळं? भात पूर्ण बंद नहीं करना है, अंजनाबाई. नापून खायचा." त्यांनी वाटी हातात घेतली. "ही सपाट भरायची, शीग नाही लावायची. ताटाचा अर्धा भाग भाजी. पाव भाग वरण नाहीतर मासोळी. उरलेल्या पाव भागात हा भात. गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. आणि खाल्ल्यावर तपासत राहायचं. तुम्हाला किती चालते ते तपासण्यातूनच ठरेल, शेजारणीला विचारून नाही."

"पसवून खाल्ला तर?"

"चांगलंच आहे, थोडा फरक पडेल. पण खरी गोष्ट मापाची." मग त्यांनी माझ्यावर टिचकी मारली. "गंज एक ही रखो. फर्क थाली में करो."

परत येताना अंजनाबाईंनी मला रश्मीच्या हातातून घेतले आणि स्वतःच्या काखेत धरले. पहिल्या दिवशी बाजारातून आणले होते, तसेच.

मित्रांनो, रश्मीचे पान इथून सुरू झाले. लगेच नाही. आधी काही वर्षे ती नुसतीच येत-जात राहिली, आईचे शुगरचे आकडे पाहत राहिली; ते म्हणावे तसे उतरत नव्हते. मग तिने घरून करता येईल असे काम मिळवले आणि मुर्रीला राहायला आली. धानाच्या कोठीवर लॅपटॉप ठेवून ती लोकांच्या वेबसाइटी बनवायची आणि उरल्या वेळात हे पान. शुगर असलेल्या, भात खाणाऱ्या माणसांसाठी, आपल्याकडच्या पाककृतींचे. अंबाडीची भाजी, तरोट्याची भाजी, वांगे आणि झिंगे, मासोळीचा रस्सा. तिला वाटत होते, आपण रोज हेच काम करतो, दोन दिवसांत होईल.

पहिले पान तयार झाले तेव्हा ते फार सुंदर होते. वर शहरातल्या दुकानातून आणलेल्या निळ्या चिनी मातीच्या वाडग्याचा फोटो होता. खाली रश्मीने नवेगाव बांधच्या तळ्याबद्दल, पाण्यावर येणाऱ्या पाखरांबद्दल चांगले लिहिले होते. त्याखाली साहित्य, त्याखाली कृती. तिने मोबाइल आईच्या हातात दिला. "यावरून करून बघ."

अंजनाबाईंनी खिडकीपाशी जाऊन मोबाइल धरला, कारण आमच्याकडे नेट खिडकीपाशीच येत असे. फोटो उघडेपर्यंत फोडणीची मोहरी जळाली. मग त्यांनी हळदीच्या बोटाने पान सरकवायला घेतले.

"तळं संपतच नाही व तुहं."

"वाचायला छान वाटावं म्हणून लिहिलं आहे."

"छान आहे. रिकामी असली की वाचीन. आता फोडणी जळून राहिली." त्यांनी आणखी सरकवले. "हे कोथिंबीर म्हणजे सांबार ना? मंग सांबार लिव. आणि हे असं चिरा, तसं परता, हे मले येते. ज्याले शुगर झाली तो काही काल चुलीपुढे नाही बसला. त्याले एवढंच पायजे, वाढायचं किती."

"ते खाली लिहिलं आहे. सगळ्यात शेवटी."

"शेवटी पोचेपर्यंत हे काळं पडते." खरेच, पडदा काळा पडला होता, आणि उजेड करायला कोरडे बोट नव्हते.

रश्मीने दोन दिवस काहीच केले नाही. तिसऱ्या दिवशी तिने निळे वाडगे काढून टाकले. मला ओट्यावर खिडकीच्या उजेडात ठेवले, शेजारी वाटी ठेवली आणि फोटो काढला. केवळराम म्हणाले, "अव, घासून त घे त्याले." रश्मी म्हणाली, "नको बाबा. लोकांच्या घरी असाच असतो."

नवे पान उलटे होते. सगळ्यात वर ताट, कशाचा किती भाग, आणि भाताची वाटी काठापर्यंत, शीग न लावलेली. वाट्या घरोघर वेगळ्या असतात, म्हणून आपल्या वाटीचे माप डॉक्टरांना एकदा दाखवून ठरवा, असे ठळक लिहिलेले. त्याखाली गोळीचे आणि जेवणाच्या वेळेचे. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच काय करायचे, तेही तिथेच, शोधावे न लागेल असे. मग साहित्य, मग कृती, मोठ्या अक्षरांत आणि थोडक्यात. फोटो लहान, म्हणजे खिडकीपासून दूरही उघडेल. तळे आणि पाखरे सगळ्यात खाली, रिकामे असणाऱ्यांसाठी. वर नाव दिले, 'एकाच गंजात'. इंटरनेटवर टाकण्याआधी तिने सगळे नीतू मॅडमना दाखवले आणि त्यांनी सांगितले तिथे तिथे दुरुस्त केले.

अंजनाबाई तर शिबिरापासूनच पंगतीत परत आल्या होत्या. ताट सगळ्यांच्या ताटासारखे, भात माझ्यातलाच, फक्त वाटीने मोजलेला. पहिल्या दिवशी त्यांनी वाटी पालथी घातली, तर ताटात भाताचा गोल डोंगर उभा राहिला. केवळराम म्हणाले, "माह्या ताटात असा सजवून काऊन नाही वाढत?" त्या म्हणाल्या, "शुगर आणा आधी."

पान गावात फिरले, गोंदियात फिरले, भंडाऱ्याकडेही गेले. सगळे चांगले चालले आहे असे वाटत असताना एका सकाळी शामकलाबाई आल्या. त्यांनाही शुगर होती. त्यांची सून त्यांना मोबाइलवर पान वाचून दाखवायची आणि त्या अगदी तसेच करायच्या. त्यांच्या हातात तपासणीचा कागद होता.

"तुह्या पोरीच्या पानानं माही शुगर वाढवली व अंजना."

रश्मीचा चेहरा उतरला. तिने त्यांना बसवले. "काकू, भात किती घेता?"

"वाटीभर. सपाट. सून उभी राहते ना पोलिसावाणी."

"भाजी?"

"अर्धं ताट. बकरीवाणी."

"पसवून करता?"

"पसवूनच. तू लिवलं ना, भरपूर पाण्यात शिजवा, माड काढून टाका."

"मग काढता ना?"

"काढतो ना. गंजातून काढतो, मीठ घालतो, पितो."

शामकलाबाईंनी पेला तोंडाला लावल्यासारखा हात केला.

"पिता?" रश्मी म्हणाली.

"मंग? माड कोणी फेकते काय? जास्त पाण्यात शिजवायले सांगितलं, त माडही जास्त निघते. आता दोन पेले होते."

रश्मीने हळूच आईकडे पाहिले. अंजनाबाई ओट्यावरून हात पुसत होत्या आणि तिच्याकडे पाहत नव्हत्या.

"आई?"

"मी एकच पेला पितो," अंजनाबाई म्हणाल्या.

मग आधी शामकलाबाई हसू लागल्या, मग अंजनाबाई, आणि शेवटी रश्मीही, डोक्याला हात लावून. हसून झाल्यावर तिने आईचे तपासणीचे कागद काढले. आईचे आकडे का उतरत नव्हते, हे तिला त्या सकाळी कळले. भातातून निघून माडात गेलेले पिठूळ सत्त्व तिच्या आईच्या पोटात, मीठ लावून, रोज परत जात होते.

तिने लॅपटॉप उघडला आणि लाल अक्षरांत लिहिले, 'माड पिऊ नका, फेकून द्या.' अंजनाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे कोणी ऐकणार नाही."

"का?"

"फेका म्हटलं की हात थांबते. माहा थांबते, हिचाही थांबते. फेका नको लिवू. कोणाले द्यायचा ते लिव."

"कोणाला द्यायचा?"

अंजनाबाईंनी शामकलाबाईंकडे पाहिले. "तुह्या कालवडीच्या फासोळ्या दिसून राहिल्या."

त्या सांजेला अंजनाबाईंनी खालच्या फळीवरची छोटी स्टीलची गंजी काढली. तिच्यावर धूळ बसली होती. ती धुतली, माझ्यापुढे ठेवली आणि मला वाकवले. माझ्या चेपलेल्या काठातून माड एका धारेत गंजीत पडला. निवल्यावर तो शामकलाबाईंच्या बादलीत गेला आणि बादलीत कोंडा मिसळून तो कालवडीला गेला. जी गंजी अंजनाबाईंना वेगळे करायला आली होती, ती त्या दिवसापासून शेजारी द्यायच्या कामाला लागली. त्यानंतर तिच्याकडे त्यांचा हात रोज जाऊ लागला.

पानावर आज ते असे आहे. 'माड कोणाला द्याल?' खाली लिहिले आहे, गायी-म्हशीला थोडा, निववून, कोंड्यात मिसळून. सुती लुगड्याला, साडीला खळ म्हणून. घरात शुगर नसलेला, खेळून भुकेला आलेला पोर असेल तर त्याला. ज्यांना एवढे वाचता येत नाही, त्यांच्यासाठी एक फोटोही आहे. मी वाकलेलो आहे, गंजी भरते आहे, आणि गंजीपलीकडे बादलीचा काठ दिसतो आहे. लोकांनी त्याखाली आपापल्या गोष्टी लिहिल्या. कोणी लिहिले, आमच्याकडे गाय नाही, शेजारीही नाही, पण कुत्री आहे. रश्मीने अशा प्रत्येकाला उत्तर दिले.

अंजनाबाईंचे आकडे उतरले. एकदम नाही, पण उतरले. वैशाखातल्या पौर्णिमेला माझ्यात पुन्हा खीर झाली. नीतू मॅडमनी ठरवून दिल्याप्रमाणे त्या जेवणात त्यांनी भात घेतला नाही आणि खिरीचे दोन चमचे घेतले. ते त्यांनी फार सावकाश खाल्ले. चमचा चाटून पुसला, मग म्हणाल्या, "बुडाले नाही लागली."

अशी चांगली काही वर्षे गेली. त्यांच्याबद्दल मला सांगण्यासारखे फारसे नाही. रोज भात शिजला, रोज माड निघाला, सगळे एकत्र जेवले. चांगल्या दिवसांचे असेच असते.

२०१६ च्या हिवाळ्यात अंजनाबाईंना ताप आला. तो छातीत उतरला. त्यांना गोंदियाला नेले, तिथून नागपूरला. जाताना त्या ओट्यापर्यंत आल्या होत्या. माझ्यात तांदूळ भिजत घातले होते. "पाणी काढून शिजवून घेजो," एवढे रश्मीला म्हणाल्या. त्यानंतर त्या ओट्यापाशी आल्या नाहीत.

त्या गेल्यावर पुण्यानुमोदनाचा स्वयंपाक मोठ्या भांड्यांत झाला. नंतर कोणीतरी मला घासून माळ्यावर ठेवले. गंजीही माझ्या पोटात ठेवली. रश्मीने कुकर आणला. दोघांचाच तर भात, तीन शिट्ट्यांत होतो. कुकरमध्ये माड निघत नाही. तिच्या पानावर नवे काही आले नाही. लोकांचे प्रश्न येऊन पडत होते, असे मला पुढे तिच्याच बोलण्यातून कळले. ती ते वाचत होती, पण उत्तर देत नव्हती.

माळ्यावर अंधार असतो, पण आवाज सगळे ऐकू येतात. मिलचा भोंगा, शिट्ट्या, केवळरामांचा खोकला. ताटांचा आवाज कमी झाला होता.

एका सांजेला मागच्या दाराची कडी वाजली.

"माड निघाला काय व, अंज..."

बोलणे मध्येच तुटले. आवाज शामकलाबाईंचा होता, बादली घेऊन आल्या असाव्यात. इतक्या वर्षांची सवय, पाय चालत आले होते, तोंड बोलून गेले होते.

"माहं तोंड पाहा," त्या पुटपुटल्या. "जातो व बेटा. चुकून आली."

"कुकर आहे, काकू," रश्मी म्हणाली. "माड नाही निघत."

"हो, हो. कुकरात कुठला?" बादलीची कडी वाजली. त्या वळल्या असाव्यात.

"गाय कशी आहे?"

"गाभण आहे." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "सांज झाली की या दाराकडे पाहून हंबरते."

कुकरचे झाकण खाली ठेवल्याचा आवाज आला. मग रश्मी म्हणाली, "काकू, बसा थोडं. अर्धा तास लागेल."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग माळ्यावर उजेड आला आणि तिचे हात आले. मला काढताना माझ्या पोटातली गंजी खणखणली. तिने मला राखेने घासले, जोर लावून, पण बूड गोरे करायचा प्रयत्न केला नाही. तांदूळ धुतले, भरपूर पाणी घातले. कढ आला तेव्हा ती माझ्यासमोरच उभी होती. त्या दिवशी मी उतू गेलो नाही.

पसवताना तिचे हात जरा थांबले. मग तिने दोन फडकी घेतली, झाकण तिरपे लावले आणि मला वाकवले, अगदी तसे, तेवढेच. माड एका धारेत गंजीत पडू लागला. केवळराम दारात येऊन उभे राहिले होते. वासाने आले असावेत.

"पोचा कामाले येते," ते म्हणाले.

"हो बाबा," रश्मी म्हणाली आणि धार संपेपर्यंत खाली पाहत राहिली.

माड बादलीत गेला. शामकलाबाई डोळे पुसत, गाईवर ओरडत गेल्या. ताटे वाढली. केवळरामांना आता वयामुळे कमी लागतो, म्हणून रश्मीने त्यांचाही भात वाटीने मोजला आणि पालथा घातला. गोल डोंगर. त्यांनी त्याकडे पाहिले. "अखेर सजवून वाढला मले," ते म्हणाले, आणि जेवू लागले.

जेवण झाल्यावर रश्मीने ओटा पुसला, लॅपटॉप कोठीवर ठेवला आणि पडून राहिलेले प्रश्न एकेक करून वाचू लागली. एका मुलीने लिहिले होते, 'माझ्या आईला नुकतीच शुगर निघाली आहे. तिच्यासाठी वेगळी भांडी घ्यावीत का?' रश्मीने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि मग लिहायला सुरुवात केली.

मित्रांनो, तिने काय लिहिले ते तुम्हाला पानावर सापडेल. मी भांडे आहे, मला एवढेच ठाऊक आहे. घरातल्या आजारी माणसाचा भात मोजा, पुन्हा पुन्हा मोजा, आळस करू नका. पण तो ज्या गंजात शिजतो, तो गंज सगळ्यांचा असू द्या. आणि मला चेपलेला म्हणून टाकू नका. माड त्याच बाजूने निघतो. उद्या सांजेला दारात बादली येणार आहे.